झाड उचलायचं म्हणजे नक्की काय उचलायचं?

मुंबईत कुठलाही मोठा प्रकल्प आला की त्याच्या कागदपत्रांत झाडांचा एक तक्ता असतो. त्यात तीन रकाने: तोडायची, पुनर्रोपण करायची आणि जागेवर राहणारी. पहिला रकाना वाचून आपल्याला राग येतो, तिसरा वाचून बरं वाटतं, आणि मधला वाचला की आपण ‘चला, निदान ही तरी वाचली!’ असं म्हणून पान उलटतो. मला या मधल्या रकान्याबद्दलच लिहायचं आहे. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखन संपादक मंडळाने तपासलं आहे, बाकीच्यासाठी वाचकांनी ग्रेस मार्क द्यावेत ही विनंती.)

विषय सुचायला कारण आपल्या कॅम्पसमध्येच आहे. नवीन लॅब बिल्डिंगचा नकाशा सगळ्यांनी पाहिला असेल. त्यात हॉस्टेलच्या गेटसमोरच्या बहाव्याशेजारी एकच ओळ आहे: ‘बहावा १, पुनर्रोपण, मागील कुंपण’. हाच तो बहावा, जो दरवर्षी नेमका परीक्षेच्या तोंडावर पिवळा होतो आणि आपल्याला खिडकीबाहेर बघायला लावतो. ती ओळ वाचून हॉस्टेलमध्ये दोन तट पडले. एक म्हणतो, ‘काही होत नाही रे, जेसीबी येईल, उचलेल, तिकडे लावेल.’ दुसरा म्हणतो, ‘मरणार, लिहून घे.’ दोघांपैकी कुणीच आकडे मांडत नव्हतं, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना हे शोभत नाही.

आधी आपल्या शेजारचं उदाहरण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी गोरेगावच्या आरे कॉलनीतली २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिली. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ सांगितलं तोपर्यंत २,१४१ झाडं पडलेली होती. सगळ्यांचं लक्ष त्या २,१४१ कडे गेलं, आणि ते साहजिकच होतं. पण मधल्या रकान्यातल्या ४६१ चं पुढे काय, हे विचारणारे मूठभरच होते.

दिल्लीत हा प्रश्न न्यायालयात विचारला गेला. तिथल्या सरकारने २०२० मध्ये झाडांच्या पुनर्रोपणाचं धोरणच जाहीर केलं. बाधित झाडांपैकी किमान ८० टक्के हलवायची आणि वर्षभरानंतर त्यातली ८० टक्के जिवंत हवीत, असा दंडक त्यात होता. २०२२ मध्ये त्याच सरकारने उच्च न्यायालयाला जो हिशोब दिला त्यानुसार तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली होती. म्हणजे ३३ टक्के. आपल्याकडे चाळिसाला पासिंग असतं!

मग झाड हलवणं हे थोतांड आहे का? अजिबात नाही. इजिप्तच्या हात्शेप्सुत राणीच्या देवळात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर, पुंट देशाहून सुगंधी डिंकाची झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून नेणारी माणसं कोरलेली आहेत. हे काम जमतं. फक्त ते ‘उचललं आणि लावलं’ या दोन क्रियापदांत बसत नाही.

गोंधळ सुरू होतो तो शाळेच्या पुस्तकातल्या चित्रापासून. वर जेवढा पर्णसंभार तेवढीच खाली मुळं, आरशातल्यासारखी, असं चित्र आपण सगळ्यांनी काढलं आहे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांबपर्यंत. बुंध्याजवळची जाडजूड मुळं झाडाला धरून ठेवतात आणि पाण्याची ने-आण करतात, पण पाणी शोषायचं खरं काम टोकाकडची केसांसारखी बारीक तंतुमुळं करतात. म्हणजे आपण बुंध्याभोवती खणून जो गोळा उचलतो, त्यात झाडाचे पाय येतात, तोंड मागेच राहतं. नव्वद टक्क्यांहून जास्त मुळं जुन्या जागी राहू शकतात.

आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. झाडात पंप खाली नसतो, वर असतो. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने बुंध्यातल्या बारीक नळ्यांतून पाण्याचे अखंड दोर वर खेचले जातात. उन्हाळ्यात मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी सहज हवेत सोडतं. सक्शन लाइन नव्वद टक्के कापली आणि पंप तसाच चालू ठेवला तर काय होईल? कॅव्हिटेशन. झाडातही हुबेहूब हेच होतं. ताण वाढला की पाण्याचा दोर तुटतो, नळीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती नळी बाद होते. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं की पानं मलूल झाली.

म्हणून सगळा खेळ मुळांच्या मातीच्या गोळ्याचा आहे. आपल्याकडे नर्सरीवाले त्याला ‘हुंडी’ म्हणतात (बँकेतली नाही). कलम लावताना ‘हुंडी फुटू देऊ नका’ हे ऐकलं असेल, तीच ही, फक्त मोठी. तिच्या आकाराचा साधा नियम असा: बुंध्याचा जेवढा व्यास, त्याच्या दहा ते बारा पट हुंडीचा व्यास. बुंधा जमिनीपासून फूटभर उंचीवर मोजायचा.

सर्व्हे लॅबमधून टेप आणून बहाव्याचा घेर मोजला. ६३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २० सेंटिमीटर. दहापट धरली तर हुंडी २ मीटर रुंद. खोली पाऊण मीटर धरू. खाली निमुळती होते म्हणून पूर्ण सिलिंडरचा दोन तृतीयांश भाग घेतला, तर आकारमान साधारण १.६ घनमीटर. ओली माती घनमीटरला १.८ टन धरली तर वजन २.८ टन, तेही झाड वगळून. बुंधा ३० सेंटिमीटरचा असता तर हुंडी ३ मीटर रुंद आणि मीटरभर खोल, वजन साडेआठ टनांच्या घरात. आणि रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या पर्जन्यवृक्षाचा बुंधा ६० सेंटिमीटरचा असेल तर नियमाप्रमाणे ६ मीटर रुंद, चाळीस टनांच्या आसपास! अशी हुंडी घेऊन ट्रेलर लालबहादूर शास्त्री मार्गाने मुलुंडहून घाटकोपरला निघाला आहे अशी कल्पना करून बघा. ट्रकची रुंदीच अडीच मीटर.

मग प्रत्यक्षात काय केलं जातं? झाड मोठं असलं तरी हुंडी लहान केली जाते. मीटर-सव्वा मीटरची. मावते म्हणून. क्रेनला पेलते म्हणून. मला विचाराल तर झाडाचं भवितव्य तिथेच निम्मं ठरतं. पुढचे सगळे उपचार, ती पावडर आणि तो फवारा, ही त्या एका काटछाटीची भरपाई करायची धडपड असते.

हुंडी लहान ठेवूनही मुळं जास्त मिळवायचा एकच मार्ग आहे, आणि त्याला पैसे कमी पण वेळ भरपूर लागतो. (म्हणूनच बहुधा तो वगळला जातो.) झाड जागेवर असतानाच मुळं टप्प्याटप्प्याने कापायची. बुंध्याभोवती वर्तुळ आखून त्याचे सहा तुकडे करायचे, एक सोडून एक अशा तीन तुकड्यांत चर खणायचा आणि आत येणारी मुळं करवतीने स्वच्छ कापायची. जेसीबीच्या बकेटने नाही. बकेट मूळ कापत नाही, ओढून फाडते, आणि फाटलेलं मूळ आतपर्यंत कुजतं. चरात कंपोस्ट मिसळलेली भुसभुशीत माती भरून पाणी चालू ठेवायचं. कापलेल्या टोकांना काही आठवड्यांत नव्या बारीक मुळांचे झुबके फुटतात. तोपर्यंत उरलेल्या तीन तुकड्यांतल्या मुळांवर झाड तगून राहतं. दोन-तीन महिन्यांनी राहिलेले तीन तुकडे. इथे एक बारकावा आहे: नवी मुळं कापलेल्या टोकापासून बाहेरच्या दिशेने येतात, त्यामुळे शेवटी उचलायची हुंडी चराच्या आतल्या कडेपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटरने मोठी धरायची. नाहीतर महिनोन्‌महिने वाढवलेली मुळं उचलायच्या दिवशी आपणच छाटून टाकू.

आपल्या हवामानात याचं वेळापत्रक जवळजवळ सेमिस्टरसारखं बसतं. पहिली कापणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, जमीन मऊ असते. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत. मार्च ते मे नियमित पाणी. आणि हलवायचं जूनमध्ये, पावसाची पहिली झड येऊन गेल्यावर. मुंबईचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि हवा इतकी दमट असते की पानांतून पाणी कमी उडतं. आपले कपडे ज्या कारणाने वाळत नाहीत, त्याच कारणाने झाड तगतं. उलट एप्रिल-मेच्या उन्हात, टेंडर निघालं म्हणून घाईने उपटलेल्या झाडाकडून फार आशा करू नये.

फांद्या किती छाटायच्या यावर मात्र वाद आहे. तुम्ही म्हणाल, मुळं नव्वद टक्के गेली तर फांद्याही नव्वद टक्के उडवा, हिशोब बरोबर. आपल्याकडे बऱ्याचदा असंच करतात, आणि नव्या जागी झाडाऐवजी खांब उभा राहतो. पण मुळं फुटायला साखर लागते आणि ती बनवणारा कारखाना म्हणजे पानं. शिवाय मूळ फुटायचा निरोप देणारं संप्रेरक, ऑक्सिन, कोवळ्या शेंड्यांमधूनच खाली येतं. सगळे शेंडे उडवले की निरोप बंद आणि रसदही बंद. म्हणून वाळक्या, मोडक्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढाव्यात, आत थोडी विरळणी करावी, आणि थांबावं. हुंडी नियमाप्रमाणे असेल तर एवढं पुरतं. जिथे झाडाचा सरळ खांब केलेला दिसेल, तिथे हुंडी लहान घेतली होती असं खुशाल समजा.

उचलण्याच्या दिवशी हुंडी ओली हवी. कोरडी माती ढासळते. चारी बाजूंनी खणून झालं की तिला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळतात, जितकं घट्ट तितकं चांगलं. मग खालून मुळं कापायची आणि पट्टे हुंडीखालून घ्यायचे. बुंध्याला साखळी बांधून झाड वर ओढणं हा गुन्हा समजला पाहिजे. सालीच्या लगेच आत कॅम्बियम नावाचा अगदी पातळ जिवंत थर असतो, झाडाची जाडी वाढते ती त्याच्यामुळे. तीन टनांचा भार त्या सालीवर आला की ती सोलून निघते, आणि सभोवार सोलली गेली तर वरून मुळांकडे जाणारी साखर तिथेच थांबते. झाड लगेच मरत नाही, मुळं हळूहळू उपाशी मरतात. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: हायड्रा क्रेनवर जी क्षमता लिहिलेली असते ती बूम अगदी जवळ असतानाची. बूम लांब काढला की ती झपाट्याने घटते. आपल्या गेटबाहेरून बूम लांबवून २.८ टन उचलायचे तर आधी क्रेनचा लोड चार्ट बघावा लागेल.

नवा खड्डा हुंडीच्या निदान दीड-दोनपट रुंद हवा, पण हुंडीपेक्षा खोल नको. बुंधा जमिनीजवळ जिथे पसरट होतो तो भाग लावल्यावर वर दिसला पाहिजे. ‘घट्ट बसू दे’ म्हणून झाड फूटभर खोल गाडणं ही फार लोकप्रिय चूक आहे. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. उपनगरांत खरी पंचाईत जमिनीची आहे. वर चार इंच लाल माती, खाली भरणी आणि त्यात विटा, टाइल्स, सिमेंटचा राडारोडा. अशा जागी खणलेला खड्डा म्हणजे बादली. जुलैत त्यात पाणी साचतं आणि मुळं पाण्याअभावी नाही तर पाण्यात गुदमरून मरतात. आपल्या मागच्या कुंपणाजवळ पावसाळ्यात काय तळं होतं ते बी विंगवाल्यांना विचारा. लावण्यापूर्वी तिथे खड्डा खणून पाण्याने भरायचा आणि किती तासांत उतरतं ते बघायचं, इतकी सोपी चाचणी आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जागा बदलायची किंवा उंचवटा करून लावायचं.

आधार देताना तीन बाजूंनी रुंद पट्ट्यांचे ताण द्यावेत, बुंधा किंचित हलेल इतके सैल. थोडं हललं की बुंधा आणि मुळं दोन्ही मजबूत होतात. वर्षभराने ते न विसरता काढायचे. आळ्यात पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घालायचं, बुंध्याला मात्र चिकटू द्यायचं नाही. पहिले काही महिने रासायनिक खत नको. मुळं नसलेल्या झाडाला युरिया घालणं म्हणजे टायफॉइडच्या पेशंटला मेसची रविवारची फीस्ट देणं.

यानंतर येतो सगळ्यात फसवा टप्पा. महिना-दोन महिन्यांत झाडाला कोवळी पालवी फुटते. सगळे खूश. फोटो निघतात, अहवालात ‘जिवंत’ अशी नोंद होते. पण ती पालवी बुंध्यात आणि जाड मुळांत साठवलेल्या स्टार्चवर आलेली असू शकते. कापलेली फांदीसुद्धा पावसाळ्यात फुटतेच की! मुळं खरोखर धरली की नाही हे कळतं पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस नसताना. थंड देशांत ढोबळ हिशोब असा सांगतात की बुंध्याच्या दर इंच व्यासाला एक वर्ष सावरायला लागतं. फ्लोरिडासारख्या उष्ण हवेत, पाणी नीट दिलं तर, इंचाला तीन-चार महिने. आपला बहावा आठ इंची आहे. म्हणजे सगळं नीट झालं तरी दोन ते अडीच वर्षं. आज फर्स्ट इयरला असलेला मुलगा फायनल इयरला जाईपर्यंत.

सगळी झाडं सारखी हट्टी नसतात, हेही सांगायला हवं. चाफ्याची नुसती फांदीही रुजते. वड, पिंपळ, उंबर हे काटक, मोठ्या वयातही पुन्हा मुळं फोडतात. ताडामाडाच्या जातींना बुंध्याच्या तळातून नवी मुळं येत राहतात, म्हणून मॉलसमोर एका रात्रीत उभी राहिलेली पाम झाडं टिकतात. ती पाहून गुलमोहोरही तसाच हलवता येईल असं वाटतं, पण त्याची मुळं उथळ आणि दूरवर पसरलेली असतात, त्यामुळे हुंडीत फार थोडी येतात. बहावा कुठे बसतो? माळीकाकांच्या मते हट्टी गटात. पण तरणा आहे, साल निरोगी आहे, त्यामुळे त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘ऑक्टोबरला सुरू करणार असाल तर बोला,’ एवढंच म्हणाले. नकाशाप्रमाणे खोदकाम जानेवारीत आहे.

आणखी दोन पर्याय आहेत, ते तक्त्याच्या रकान्यांत दिसत नाहीत. एक, लहान झाड लावणं. गॅरी वॉटसन या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये हिशोब मांडला होता की चार इंची झाडाची मुळं सुमारे पाच वर्षांत पूर्ववत होतात, दहा इंचीला तेरा वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात लहान झाड मोठ्याला गाठतं. ज्या बागेत नवं झाड लावायचं आहे, तिथे हा हिशोब लाखमोलाचा. पण हे उत्तर जुनं झाड तोडायची सबब म्हणून वापरलं जाऊ नये. २०२१ पासून आपल्या राज्याच्या कायद्यात तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद आहे, ती याचसाठी.

दुसरा पर्याय नकाशा हलवण्याचा. विक्रोळी-घाटकोपर पट्ट्यात पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेची गुलाबी टॅबेबुया फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलते, बसमधला प्रत्येक जण मान वळवून बघतो. छेडानगर ते ठाणे उन्नत रस्त्याच्या कामात ही झाडं येत होती. आराखड्यात बदल करून त्यातली शंभराहून जास्त झाडं जागेवरच ठेवणार असल्याचं एमएमआरडीएने २०२५ मध्ये जाहीर केलं. एवढा मोठा रस्ता थोडा सरकू शकतो, तर आपली लॅब बिल्डिंग? मी नकाशावर मोजलं. बहावा मुख्य इमारतीखाली येतच नाही, तो येतो रॅम्पच्या वळणात. रॅम्प साडेतीन मीटर पश्चिमेला सरकवला तर वळणही मिळतं आणि मुळांना जागाही. स्लोप बदलत नाही. सिव्हिलच्या दोघांनी ते ड्रॉइंग करून बांधकाम समितीच्या सरांकडे दिलं आहे.

तरीही समितीने पुनर्रोपणच ठरवलं, तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागेल. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्याखाली स्वतःच्या आवारातल्या झाडालाही ती लागते. पण परवानगीपेक्षा मला पाण्याची काळजी जास्त आहे. आठ इंची झाडाला एका वेळी साठ ते नव्वद लिटर, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या चार-पाच बादल्या, त्याही हुंडीवर ओतायच्या, आजूबाजूला नाही. पहिला महिना-दीड महिना पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असे दोन उन्हाळे. आणि मे महिन्यात परीक्षा संपल्या की हॉस्टेल रिकामं होतं. उरतात दोन वॉचमन आणि माळीकाका, तेही दहा दिवस गावी जातात. त्या दिवसांतल्या बादल्या कुणी ओतायच्या, त्याचं नाव त्या नकाशातल्या ओळीच्या पुढे लिहिलेलं असावं, एवढी मागणी आम्ही अर्जात घातली आहे. अर्ज मेसच्या काउंटरवर ठेवला आहे, सही करायची असेल तर पेन तुमचं आणा.